वॉर्साचा बॅकअप

वॉर्साचं 'जुनं शहर' माझ्या आजीपेक्षा वयानं लहान आहे.

थट्टा नाही. आजीला आता ८३वं चालू आहे. आणि ज्या चौकात उभं राहून सगळे टुरिस्ट "वा, काय मध्ययुगीन वातावरण आहे!" म्हणत फोटो काढतात, तो जुन्या शहराचा मुख्य चौक १९५३ साली बांधून पूर्ण झाला. रंगीत घरं, त्यांच्या दारांवरची शिल्पं, दगडी फरसबंदी, सगळं त्यानंतरचं किंवा त्याच्या थोडं आधीचं. युनेस्कोने १९८० मध्ये याच जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही हे पक्कं माहीत असताना. किंबहुना त्यासाठीच दिली.

मी २०२४ च्या जूनमध्ये चार महिन्यांसाठी वॉर्साला गेले. ऑनसाइट म्हटलं की आमच्या जालन्यात अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकाच येते. त्यामुळे पोलंड ऐकल्यावर बाबांनी आधी नकाशा काढला, मग तापमान बघितलं, आणि मग "तिथं खायला काय मिळतं?" हा खरा प्रश्न विचारला. (पियेरोगी मिळतात. उकडलेल्या करंज्या समजा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. तिथे 'बार म्लेच्नी' नावाच्या जुन्या पद्धतीच्या स्वस्त खाणावळी आहेत, तिथे खाल्ले तर खिशालाही झेपतात. चार महिने मी जवळपास त्यांच्यावरच काढले.)

तर पहिल्याच शनिवारी जुन्या शहरात गेले. पोलिशमध्ये 'स्तारे म्यास्तो'. त्याला लागून 'नोवे म्यास्तो', म्हणजे नवं शहर. आणि हे नवं शहर सहाशे वर्षांपूर्वी वसलेलं! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण आमच्याकडेही कुंडलिकेच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा जालना, आणि नवा म्हणजे कादराबाद, तोही कुठल्या अंगानं नवा नाही. रिक्षावाल्याला "नव्या जालन्यात सोड" म्हटलं की तो दोनेकशे वर्षं जुन्या गल्लीत नेऊन सोडतो.

जुन्या शहराच्या तोंडाशीच राजा झिगमुंटचा उंच खांब आहे, १६४४ सालचा. म्हणजे वरचा पुतळा जुना, खांब नवीन. १९४४ मध्ये जर्मनांनी तो पाडला, १९४९ मध्ये परत उभा केला. आधीच्या खांबाचे तुटलेले तुकडे तिथेच राजवाड्याच्या बाजूला गवतात आडवे ठेवले आहेत. लोक त्यांच्याजवळ बसून आइस्क्रीम खातात. मला हे फार आवडलं. नवीन उभा आहे म्हणून जुन्याचं मढं लपवलेलं नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि हरला. दीड ते दोन लाख माणसं मेली, त्यातले बहुतेक साधे नागरिक. उरलेल्यांना शहराबाहेर हाकलण्यात आलं आणि मग रिकाम्या शहरात जर्मनांनी पद्धतशीरपणे गल्ली-गल्ली जाऊन घरं जाळली, सुरुंग लावले. ही लढाईतली पडझड नव्हे, लढाई संपल्यानंतरचं काम. ग्रंथालयं, चर्चेस, सगळं वेचून. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हा ८५ टक्के शहर उरलेलं नव्हतं. तिथल्या उठावाच्या म्युझियममध्ये पाच-एक मिनिटांची थ्रीडी फिल्म दाखवतात. विमानातून युद्धानंतरच्या वॉर्सावरून उडत गेल्यासारखं दिसतं. ती संपल्यावर माझ्या शेजारची दोन कॉलेजची पोरं बराच वेळ चष्मे काढायचं विसरून बसली होती.

मग पोलंडवाल्यांनी जे केलं ते मला इंजिनिअर म्हणून जास्त भावलं. त्यांनी रिस्टोर मारला.

बॅकअप दोन होते. एक, बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार. अठराव्या शतकात पोलंडच्या शेवटच्या राजाने त्याला दरबारी ठेवून शहराची चित्रं काढून घेतली होती. खिडक्या, कमानी, दुकानांच्या पाट्या, रस्त्यातली कुत्री सगळं बारकाईने काढलेलं. त्यातली २२ चित्रं आज राजवाड्यातल्या एका दालनात लावली आहेत. मी त्या दालनात दीड तास होते, गार्डला संशय येईपर्यंत. दुसरा बॅकअप जास्त भारी: वॉर्सा पॉलिटेक्निकच्या आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि शिक्षक. युद्धाआधी त्यांनी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे केले होते, अगदी सबमिशनसाठी आपण करायचो तसे. युद्धाच्या काळात चोरून हे काम चालू राहिलं आणि ते कागद शहराबाहेर लपवून ठेवले गेले. बघा, ऑफसाइट बॅकअप! सर्व्हर रूम जळाली तरी डेटा वाचला. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारणाऱ्या आमच्या बॅचच्या शीट्स उद्या कुणी लपवून ठेवेल असं मात्र वाटत नाही.

अर्थात कुठलाही रिस्टोर शंभर टक्के स्वच्छ होत नाही. बेलोत्तो चित्रकार होता, सर्व्हेअर नव्हे. काही ठिकाणी त्याने इमारती आपल्या मनाने सुधारल्या होत्या. मग बांधणाऱ्यांनी कुठे कुठे चित्रातलंच रूप बांधलं! सेंट जॉन कॅथीड्रलची गंमत त्याहून वेगळी. युद्धाआधी त्याचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला, इंग्लिश गॉथिक धाटणीचा होता. पुन्हा बांधताना त्यांनी तो सोडून दिला आणि मूळ चौदाव्या शतकातलं कसं असेल त्या अंदाजाने साधं विटांचं रूप दिलं. म्हणजे शेवटचं व्हर्जन सोडून चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं व्हर्जन. बाहेरच्या भिंतीत लोखंडी पट्ट्याचा एक तुकडा बसवलाय. ज्या स्फोटकं भरलेल्या जर्मन 'गोलायथ' गाडीने हे कॅथीड्रल फोडलं तिचा तो पट्टा, असं तिथली पाटी सांगते.

आणि विटा? मलब्यातल्या वापरल्याच, पण पुरल्या नाहीत. तेव्हा व्ह्रोत्सवाफसारख्या पश्चिमेकडच्या शहरांतून, जी युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडला मिळाली होती, गाड्या भरभरून विटा आल्या. तिथल्या पडक्या, आणि काही न पडलेल्याही, इमारती त्यासाठी उतरवल्या गेल्या. ही गोष्ट टूर गाइड सांगत नाहीत. माझ्या टीममधला व्ह्रोत्सवाफचा एकजण मात्र दर शुक्रवारी बिअर घेताना एकदा तरी सांगायचाच. पुणे-मुंबईने आमच्या मराठवाड्याचं काय काय नेलं याची यादी मी त्याला ऐकवली, आणि तेव्हापासून आमचं छान जमलं.

चर्चेस मी पुष्कळ बघितली. खरं सांगायचं तर दहाव्यानंतर सगळी सारखी दिसायला लागतात, जशी बाहेरच्या माणसाला आपली देवळं दिसत असतील. पण होली क्रॉस चर्च विसरणार नाही. तिथल्या एका खांबात शॉपँचं हृदय आहे. हो, खरंखुरं. १८४९ मध्ये तो पॅरिसला वारला, शरीर तिथेच पुरलं आणि त्याच्या बहिणीने त्याचं हृदय अल्कोहोलच्या बरणीत घालून गुपचूप वॉर्साला आणलं. उठावाच्या वेळी याच चर्चमध्ये जोरदार लढाई झाली. बरणी बाहेर काढलेली होती आणि १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये ती परत जागेवर आली. मी गेले तेव्हा रविवार होता, आत प्रार्थना चालू होती, बसायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बायका, टी-शर्टातली पोरं, बाबागाडीतली बाळं. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. रात्री आजीला फोनवर हे सांगितलं तर तिचा एकच प्रश्न: "लोक येतात ना अजून? मग झालं तर."

एका वीकएंडला क्राकुफ उरकलं. रेल्वेने अडीच तास. 'उरकलं' म्हणणं पाप आहे, कारण ते शहर युद्धातून जवळपास धडधाकट वाचलं आणि जे दिसतं ते खरंच जुनं आहे. सेंट मेरीच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एकजण तुतारी वाजवतो, चारी दिशांना, आणि दर वेळी सूर मध्येच तोडतो. तातारांच्या स्वारीत पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर तिथेच थांबला, अशी दंतकथा. वाजवणारे अग्निशमन दलाचे लोक असतात. पुढे विएलिच्काच्या मिठाच्या खाणीत शंभर-एक मीटर खाली आख्खं चर्च मिठात कोरलंय, झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची. (चाटून बघितलं. खारट आहे.) तरीही मला वॉर्साच जास्त आवडलं, हे मी तिथल्या कुणाला सांगितलं नाही, क्राकुफवाले रागावतात.

आणि १ ऑगस्टची संध्याकाळ. त्या वर्षी उठावाला ८० वर्षं झाली होती. टीममधल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाचला काहीही झालं तरी थांबायचं. मी मध्यवर्ती चौकात उभी होते. बरोबर पाच वाजता सायरन सुरू झाले. ट्रॅम थांबल्या, गाड्या थांबल्या, ड्रायव्हर दार उघडून बाहेर येऊन उभे राहिले. हातात शॉपिंगच्या पिशव्या घेतलेली माणसं होती तिथे थिजली. कुणी लाल फ्लेअर्स पेटवले, धूर झाला. एक मिनिट. मग सायरन उतरले आणि ट्रॅमची घंटी वाजली, सगळे आपापल्या वाटेला. दरवर्षी हे होतं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच वेळी एक नको तो प्रश्न डोक्यात होता, की आमच्या जिल्ह्यात २३ सप्टेंबरला काय होतं?

काही होत नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. हाच पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. समोरासमोर दोन गावं दिसतात म्हणजे मध्ये नदीला उतार असणारच, असा अंदाज बांधून त्याने केळणा नदी ओलांडली. जिंकला, पण सैन्यातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं मेली नाहीतर जखमी झाली. इंग्लंडमध्ये या लढाईवर पुस्तकांचा ढीग आहे. मी जालन्यात दहावीपर्यंत शिकले, शाळेच्या सहली वेरूळला गेल्या, शिर्डीला गेल्या, असईला एकही गेली नाही.

असो. ऑगस्टच्या २१ तारखेला पंतप्रधान मोदी वॉर्साला आले, भारतीय पंतप्रधान तिथे जायला ४५ वर्षं लागली. त्या संध्याकाळी बाबांचा फोन: "अगं, तुझ्या गावात कोल्हापूरचं स्मारक आहे म्हणे! टीव्हीवर दाखवलं." मला वाटलं बाबांचं काहीतरी चुकतंय. जामनगरच्या महाराजांचं मला माहीत होतं, तिथे 'भल्या महाराजांचा चौक'च आहे. पण कोल्हापूर? शनिवारी शोधत गेले. लहानसंच आहे. वळिवडे छावणीतल्या पोलिश लोकांनी कोल्हापूरच्या ऋणाची आठवण म्हणून उभारलेलं.

गोष्ट अशी. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया-कझाकस्तानकडे नेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यातल्यांची सुटका झाली. वाचलेले इराणला पोचले आणि त्यातली पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याला आली. बराकींचं एक आख्खं पोलिश गाव उभं राहिलं: चर्च, शाळा, दवाखाना, दुकानं, नाटकं, स्काउटची पथकं. पंचगंगेच्या काठी. १९४८ पर्यंत ते पांगले, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, थोडे पोलंडला. काही मुलींनी इथेच लग्नं केली आणि त्या कोल्हापूरच्या झाल्या.

परत आल्यावर २०२५ च्या जानेवारीत मैत्रिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते, तेव्हा वळिवडं गाठलं. पोलिश गावाचं काय झालं असेल? पोलंडवाले गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. एका निर्वासिताने रिकामी केलेली खोली दुसऱ्याने झाडून घेतली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या होलसेल बाजाराचं. मी साड्यांच्या गठ्ठ्यांमधून, टेम्पोंना चुकवत हिंडत होते. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मारकस्तंभ उभारलाय, कोल्हापुरात महावीर उद्यानात आधीचा एक आहे. पण चर्च कुठे होतं, शाळा कुठे होती हे बाजारात विचारलं तर एका सिंधी काकांनी गल्लीच्या टोकाकडे अंदाजे हात केला आणि विचारलं, "आप के कोई रहते थे क्या यहाँ?" हा प्रश्न मला चांगला वाटला. त्यांचं स्वतःचं लारकाना असं कुणाला विचारता येत नसणार.

इथे वॉर्सासारखं पुन्हा काही बांधायचं कारणच नव्हतं. बराकींना राहणारं माणूस मिळालं, विषय संपला. मग मी स्वतःला विचारलं की आपल्याकडचं कुठलं जुनं असं आहे ज्यात आता कुणीच राहणार नाही?

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. जुन्या जालन्यातला आमचा वाडा. माळवदाचा, सागवानी खांबांचा, चार खणी सोपा, मधे चौक, मागे न्हाणी आणि परस. चार वर्षांपासून बंद. पावसाळ्यात माळवद गळतं, पांढरी माती टाकणारी माणसं आता मिळत नाहीत. बाबा आणि तीन काका मिळून चार हिस्से. बिल्डरशी बोलणी झालेली, पाडव्यानंतर सह्या. मी काही भांडले नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या पोरीने "वाडा ठेवा" म्हणणं सोपं असतं, गळक्या छताखाली घमेली मांडायला ती नसते. बाबांचं बरोबरच आहे.

पण सह्यांना वेळ होता. मी लेझरचं मीटर मागवलं, चुलतभावाला पटवलं आणि फेब्रुवारीपासून दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून जालन्याला जाऊन आम्ही वाडा मोजायला लागलो. भिंतींची जाडी (काही ठिकाणी अडीच फूट!), खांबांतलं अंतर, कोनाडे, तुळया, जिन्याच्या पायऱ्या, ज्यातली एकही दुसरीसारखी नाही. शेजारच्या काकू ओट्यावरून बघत होत्या. "विकू राहिले ना तुम्ही? मग आता कामून मोजू राहिली ग?" मी म्हटलं, नकाशा करतेय. "बांधायचाय का परत?" नाही. "मग?" यावर मी वॉर्सा सांगायला सुरुवात केली, त्यांनी चहा आणला.

दुसऱ्या खेपेला आजीला रिक्षातून आणलं. खुर्ची चौकात मांडली. कॅथीड्रलचा सगळा वाद मग आमच्या घरात सुरू झाला. माजघराच्या उत्तरेकडच्या भिंतीत खिडकी होती, आजी म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हा. तिथे आता सरळसोट भिंत आहे, प्लास्टर केलेली. मोठे काका म्हणाले, खिडकी कधीच नव्हती, दिवळी होती. आजी म्हणाली, "तुझा जन्म तरी झाला होता का?" नकाशात काय दाखवायचं? कुठलं व्हर्जन? मी दोन्ही तुटक रेषांनी काढून ठेवलंय, बाजूला कोण काय म्हणालं ते लिहून. देवघराच्या उंबऱ्याला आजीच्या सासूबाईंनी ठोकलेले पितळी खिळे आहेत. ते मोजायचे नव्हते, पण भावाने मोजले. सतरा.

आता जवळजवळ सगळं झालंय, बळद सोडून. माजघराच्या भिंतीत धान्य ठेवायची ती अंधारी पोकळी, माळवदावरच्या तोंडातून भरायची आणि खालच्या भोकातून काढायची. रझाकारांच्या वर्षी घरातले दागिने त्यात ज्वारीखाली लपवले होते, हे आजीने सासूबाईंकडून ऐकलेलं. लेझर आत चालत नाही, धुळीत किरण विखुरतो. वरून साधी टेप सोडली तर नऊ फुटांवर कशाला तरी अडते, आणि बाहेरून मोजलं तर भिंत तेरा फूट आहे. भाऊ म्हणतो दगड पडला असेल. येत्या शनिवारी लांब बांबू आणि हेडलॅम्प घेऊन जातोय.